मामींचं बेट आणि दीड पोतं नारळ

देशावरून कोकणात नारळ घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलेला आहे. रोज सकाळी दाढी करताना आरशात पाहतो. नारळ एक-दोन नव्हते, चांगलं दीड पोतं होतं, आणि ते वरंधा घाटाने खाली उतरवून समुद्राच्या काठापर्यंत पोचवण्याचा मान माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराला मिळाला. तेव्हापासून माझी कंबर जी धरली आहे ती सुटलेली नाही. डॉक्टर म्हणतात, हे वयामुळे. मी म्हणतो, देवामुळे. आणि तो देवही मीच काढलेला, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच आहे.

माझे मामा रायबा आणि मामी सोजराबाई विंझरला राहतात. दोघांनी साठी ओलांडली आहे, पण ही बातमी त्यांच्या पायांना कुणी अजून सांगितलेली नाही. मी भोरात राहतो आणि उत्रोलीच्या शाळेत सायकलवर जातो, तर पहिल्या तासाला मला खुर्ची लागते. मामा विंझरहून डोंगर उतरून चालत भोरला येतात, दारात काठी टेकवतात आणि विचारतात, "हं, आता कुठं जायाचं?" मामी डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन त्यांच्या पुढे आलेल्या असतात.

असंच एकदा, म्हणजे सन छप्पनच्या भातकापणीनंतर, दोघं आले होते. माझ्या भिंतीवर कुठल्याशा केशतेलाचं कॅलेंडर होतं. त्यावर निळं पाणी, मध्ये वाळूचा ठिपका आणि ठिपक्यावर चार माड. मामी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"ह्ये काय रं, आनंदा?"

मास्तराला असं विचारू नये. मी लगेच व्याख्या सांगितली. ज्या भूभागाच्या चारी बाजूंना पाणी असतं, त्याला बेट म्हणतात.

"चारी बाजूंनी? म्हंजे हितं कुनी जाऊन बसलं, तर हाक मारायला कोन येनार?"

"होडीशिवाय कुणीच येणार नाही."

मामींनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "मला हितं न्या. दोन दिस. ह्ये बी येतील, पन ह्यांनी बी हाक मारायची न्हाई."

मामींनी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मामांनाही आठवलं नसावं, कारण ते चक्क खाली बसले. मी "हो" म्हणून गेलो. आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर मूळचे कोकणातले. त्यांच्या गावासमोर खाडीच्या तोंडाशी माडबेट नावाचं लहानसं बेट आहे, वर कोळ्यांची जाळी ठेवायची एक झोपडी आहे आणि बाकी काही नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, काम झालं. दोन माणसं, एक एस.टी., एक होडी, दोन दिवस. यात बिघडण्यासारखं काय आहे, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. तिने तव्यावरची भाकरी उलटली. लग्नाला पंधरा वर्षं झाली की बायका अशा वेळी भाकरीकडे बघतात.

पुढच्या रविवारी बेत पक्का करायला मी विंझरला गेलो. मामी जेवायला बसल्या होत्या. पहिला घास मोडला तोच शेजारच्या अंबूबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "वयनी, पापडाचं पीठ सैल झालं का बगा की!" मामी उठल्या. परत येऊन बसतात तोच मामांनी अंगणातून हाक मारली, "अगं ए, माझी चंची कुठं हाय?" चंची त्यांच्या कमरेला होती. मामी उठून ती दाखवून आल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा डोंगराकडून एक लांबलचक आवाज आला. वरच्या वाडीत हैबती धनगर राहतो. त्याची हाळी एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाते. मध्ये गाव असलं तर गावालाही ऐकावी लागते. "काऽऽकीऽऽ! मेंढी अडलीयाऽऽ!" मामींनी ताट झाकलं, तेलाची बुधली घेतली आणि चढणीला लागल्या. त्या ताटाकडे पाहत मी बसलो, आणि त्यांना बेट कशाला हवं हे तेव्हा मला नीट कळलं. मला फार वाईट वाटलं. यांना तिथे नेऊन बसवायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

नेमक्या त्या वेळी अंबूबाई पिठाच्या हातानेच आत आल्या.

"गुर्जी, वयनी कोकनात चालल्या म्हनं. कंच्या देवाला?"

"देवाला नाही. बेट बघायला."

"बेटावर काय हाय?"

"काही नाही."

"काय न्हाई, तर जायाचं कशापाई?"

मी त्यांना विश्रांती म्हणजे काय, हवापालट म्हणजे काय, शहरातले लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला का जातात, हे सगळं सांगितलं. अंबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मात्र गंभीर होत गेला. आमच्या भागात माणूस घर सोडून निघतो तो देवाला, लग्नाला, बाजाराला नाहीतर मयताला. यांपैकी काहीच नसताना म्हातारा-म्हातारी निघतात म्हणजे आत काहीतरी शिजतंय, हे त्यांनी ओळखलं. संध्याकाळपर्यंत गावात तीन बातम्या झाल्या. रायबांनी जमीन विकून कोकणात घर घेतलं, ही पहिली. सोजराबाईंना भोरच्या डॉक्टरांनी हात टेकून समुद्राची हवा सांगितली, ही दुसरी. तिसरी माझ्याबद्दल होती आणि ती मी इथे सांगणार नाही, पण तीत मामांचा सातबारा होता. मी पारावरून जाताना लोक बोलायचे थांबले. वीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे फार लागतं.

परतीच्या एस.टी.ची वाट बघत मी उभा होतो. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं. अंबूबाई चार बायका घेऊन पुन्हा आल्या. "गुर्जी, आईची आन हाय. खरं सांगा. बेटावर देव हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हणालो. "महादेव आहे. एकलेश्वर म्हणतात."

एवढं म्हणालो आणि एस.टी.त बसलो. गाडी सुटताना त्या बायकांच्या तोंडावर जे समाधान दिसलं, ते माझ्या कुठल्याही तासाला कधी दिसलेलं नाही.

देवाला कुणी चाललं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपला नारळ त्याच्याजवळ द्यायचा, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे मला ती आठवली नाही. पहिला नारळ अंबूबाईंचा आला. दुसरा हैबतीचा, मेंढी सुटली म्हणून. मग नातवासाठी, म्हशीसाठी, कोर्टातल्या बांधाच्या दाव्यासाठी. एकाने तर जावई सुधारावा म्हणून दोन दिले. मामांच्या पडवीत आधी टोपली भरली, मग पोतं. नारळांवर खुणा केलेल्या होत्या, कुणाच्या शेंडीला दोरा, कुणाच्या कुंकू, कारण देवाचा घोटाळा होता कामा नये. मग लोकांना असं वाटू लागलं, की नारळ पाठवण्यापेक्षा आपणच गेलेलं काय वाईट? अंबूबाई निघाल्या, तेव्हा त्यांच्या दोन जावा निघाल्या. हैबती निघाला. कापूरहोळच्या चिमाजीचा मालट्रक रिकामा होता. तो म्हणाला, देवाचं काम आहे, डिझेलपुरतं द्या. एवढी मोठी गाडी रिकामी कशी न्यायची, म्हणून आणखी माणसं निघाली.

इकडे मी रजेच्या मागे होतो. रजेचं बघणाऱ्या कारकुनाने अर्ज वाचून परत केला.

"कारणात 'बेट पाहणे' लिहिलंय. असं कारण आमच्याकडे नाही."

"मग काय आहे?"

"आजारपण, लग्न, मयत, देवकार्य."

मी देवकार्य लिहिलं. अशा रीतीने एकलेश्वर सरकारदरबारी मंजूर झाला. लगेच पुढचं निघालं. देवकार्याला इतकी माणसं एका गाडीतून जाणार म्हणजे ती यात्रा, आणि यात्रा म्हटली की प्रत्येकाला पटकीची लस टोचून घेतल्याचा दाखला हवा. दवाखान्यात सगळी ट्रकभर माणसं रांगेत उभी राहिली. कोण पुढे होणार यावर वाद झाला आणि मग सर्वानुमते, सुशिक्षित म्हणून, मला पुढे केलं. हैबती मेंढरांना डाग देतो, पण स्वतःला टोचताना त्याने जी हाळी दिली ती ऐकून बाजार थांबला. दोन दिवस माझा दंड सुजला होता. मामा-मामींना काही झालं नाही. ते दवाखान्यातून चालत विंझरला गेले.

या सगळ्यात मामी एक शब्द बोलल्या नव्हत्या. निघायच्या आदल्या दिवशी मी पोत्यांची तोंडं शिवत होतो, तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या.

"देवाला जायाचं असतं, तर आपली मेंगाई हाय की रं," त्या हळू म्हणाल्या. "मला हाक न मारनारं ठिकान पायजे व्हतं, आनंदा. तू हाका मारनारी समदी संगंच घेतलीस."

मी सुई बोटात टोचून घेतली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या उठून सगळ्यांच्या भाकऱ्या करायला गेल्या, कारण अंबूबाईंनी हाक मारली होती.

ट्रक पहाटे निघाला. मामी पुढे चिमाजीजवळ बसतील असं मी ठरवलं होतं, पण मागून इतक्या हाका आल्या की भोर सुटायच्या आत त्या मागे आल्या. कुणाच्या पोटात ढवळत होतं, कुणाला सुपारी हवी होती. घाट उतरल्यावर एका नाक्यावर गाडी अडवली. नाकेदाराने पोत्यावर काठी मारली.

"काय आहे?"

"नारळ."

"कुठे चाललेत?"

"कोकणात."

नाकेदाराने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या सगळ्या नोकरीत नारळ घाट चढून वर गेले होते. खाली उतरणारा नारळ त्याने पाहिला नव्हता. दिवस दारूबंदीचे. नारळात पाणी सोडून भलतंच काही भरलं असणार, असा त्याला संशय आला. "शिकलेले दिसता," तो मला म्हणाला, आणि मी आयुष्यात प्रथमच शिकल्याची लाज वाटून खाली पाहिलं. त्याने एक नारळ काढून दगडावर आपटला. तो नेमका अंबूबाईंचा निघाला.

"मुडद्या! देवाचा नारळ फोडलास!" अंबूबाई ट्रकमधून अर्ध्या बाहेर आल्या. "एकलेश्वर लई कडक हाय, तुझं काय खरं न्हाई आता!"

नाकेदाराने आतलं पाणी चाखलं. ते पाणीच होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने गाडी तर सोडलीच, शिवाय आपल्या चहावाल्याकडून एक नारळ आणवून कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. "माझा पण वाहा, साहेब. मुलगी लग्नाची आहे." दीड पोतं होतं तेवढं पुन्हा पूर्ण झालं.

दुपारी समुद्र दिसला. आमच्या माणसांनी एवढं पाणी कधी बघितलं नव्हतं. समोर, हाक पोचेल इतक्या अंतरावर माडबेट होतं, कॅलेंडरवरच्यासारखंच, फक्त माड सहा होते. मामी वाळूत उभ्या राहून बघत होत्या. मग अंबूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि होडीत पहिलं पाऊल टाकलं. मागोमाग त्यांच्या जावा सरसावल्या, पोती सरसावली. मामी नेहमीप्रमाणे बाजूला झाल्या, सगळ्यांना आधी जाऊ द्यायला.

मला काय झालं कुणास ठाऊक. एरवी मी वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही.

"थांबा!" मी ओरडलो. "खाली उतरा! या देवाचा नियम आहे. बेटावर फक्त एका जोडप्याने जायचं. ज्यांनी यात्रा काढली, त्यांनीच. बाकीच्यांनी नारळ काठावरून वाहायचे."

अंबूबाईंचा एक पाय होडीत आणि एक पाण्यात तसाच राहिला. "आसं कुठं आसतंय व्हय?"

मी होडीवाल्याकडे पाहिलं. त्याचं नाव धर्मा कोळी. त्याने आमची माणसं पाहिली, पोती पाहिली, आपली होडी पाहिली. होडीत चार माणसं बसली की पाचव्याला पोहता यावं लागत होतं.

"मास्तर सांगतान तां खरा हाय," तो शांतपणे म्हणाला. "ह्यो देव लय मान्सां घेत नाय."

नियम म्हटल्यावर मात्र कुणी वाद घातला नाही. बेट बघायला जावं हे माझ्या लोकांना तासभर समजावूनही पटलं नव्हतं, पण देवाची अट दोन वाक्यांत पटली. कडक देव आहे, असं सगळे कौतुकाने बोलू लागले. मामींची ओटी भरली, दोघांच्या पायावर पाणी घातलं, आणि होडी सुटली. मामींनी माझ्याकडे एकदाच वळून पाहिलं. त्या हसत होत्या की ऊन डोळ्यांवर आलं होतं, ते मला दिसलं नाही.

मग नारळ वाहण्याचा कार्यक्रम झाला. पोती मीच उचलली, कारण हाडं सगळ्यांत जास्त दुखणाऱ्या माणसाने सेवा केली की पुण्य जास्त लागतं, असं हैबती म्हणाला. एकेक नाव घेऊन नारळ पाण्यात सोडले. आम्ही ओले होऊन वर आलो, आणि भरती लागली. नारळ एकामागून एक परत काठाला आले. मला वाटलं, आता संपलं. पण अंबूबाईंनी पायाशी आलेला नारळ उचलून डोळ्यांना लावला. "परसाद दिला गं बाई, देवानं!" जावयासाठी दोन नारळ सोडणाऱ्याचा मात्र एकच परत आला. तो बराच वेळ विचारात पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेट स्वच्छ दिसत होतं. मामांना स्वस्थ बसणं ठाऊक नाही. ते बेटाच्या कडेकडेने चालत होते, पलीकडे नाहीसे होत होते आणि पुन्हा इकडून उगवत होते. "परदक्षना चाललीया," काठावरचे लोक हात जोडून म्हणत होते. मामी एका माडाखाली आमच्याकडे पाठ करून, पाय लांब सोडून बसल्या होत्या.

काठावर चुली पेटल्या आणि मीठ सापडेना. बांधाबांध मामींनी केलेली, तेव्हा मीठ कुठे आहे हे त्यांनाच माहीत. अंबूबाईंनी हाक मारली. "वयनीऽऽ! मीऽऽठ!" मामी वळल्या नाहीत. जावांनी मिळून हाक मारली. मग हैबती उठला, कानावर हात ठेवला आणि छाती भरून हाळी दिली. माडांवरचे पक्षी उडाले. मामा चालता चालता थांबले, मामींकडे बघितलं, आणि तोंड न उघडता पुन्हा चालू लागले.

मामी तशाच बसून होत्या.

"आयकू गेलं न्हाई का काय?" अंबूबाई घाबरून म्हणाल्या.

"मौन आहे," मी म्हणालो. "नियमच आहे."

मीठ शेवटी हैबतीच्या घोंगडीच्या घडीत सापडलं.

परतताना मामी पुढे माझ्याजवळ बसल्या. तोंड उन्हाने रापलं होतं, पण ते मला कधी नव्हे ते भरलेलं वाटत होतं. घाट लागल्यावर मी हळूच विचारलं, "मामी, हाळी ऐकू आली होती का?"

"न आयकायला काय झालं? अंबूची आली, समद्यांची आली." त्यांनी गाडीतच पाय लांब सोडले. "पयल्या हाकेला म्या उठाय लागले व्हते. पदर बी झटकला. मग म्हनलं, मीठ हाय, सापडंल. आन बसून ऱ्हायले. लई ग्वाड वाटलं रं, आनंदा."

विंझरला गाडी थांबली तेव्हा सगळं गाव गोळा झालं होतं. अंबूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "वयनी, देवानं काय सांगितलं का?" मी पटकन पुढे झालो. तीनदा खोटं मीच बोललो होतो, चौथ्यांदाही बोलणं मला भाग होतं. पण मामींनी मला हाताने मागे सारलं. मामी कधी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

"सोमवार पाळा म्हनला," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला कुनी हाक मारायची न्हाई."

त्याला आता तीन वर्षं झाली. एकलेश्वराचे नारळ अजून माझ्याकडे येतात, दर हिवाळ्यात चिमाजी ट्रक घेऊन दारात उभा राहतो आणि रजेचा कारकून न विचारता देवकार्य लिहितो. माझा दंड दरवर्षी सुजतो. मी थकलो आहे, पण ते ऐकायला कुणाला वेळ नाही.

गेल्या महिन्यात शाळेला सुट्टी होती म्हणून विंझरला गेलो. एस.टी. मध्येच बंद पडल्याने शेवटचा रस्ता चालत, उन्हातून. अंगणात पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. मामी मागच्या पडवीत पाय लांब सोडून बसल्या होत्या, डोंगराकडे तोंड करून. मामा खुणेनेच मला 'बस' म्हणाले.

"मामी!" मी हाक मारली. "जरा पाणी द्या हो!"

मामी वळल्या नाहीत. कुंपणावरून अंबूबाईंचं डोकं तेवढं वर आलं.

"गुर्जी! शिकल्याली मानसं तुमी! आज सोमवार न्हाई का?"

मी आत गेलो आणि पाणी स्वतः घेतलं. भाकरीही टोपलीत होती. मीठ मात्र काही केल्या सापडलं नाही. मी तशीच खाल्ली.